ड्रेन कुठं आहे?

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी गेम खेळायला बसू नये, हे मलाही कळतं. पण नोकरी घरून, जेवणाची सुट्टी तासाभराची आणि बाहेर पाय ठेवायची सोय नाही. २०२४ च्या मे महिन्यात माझं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर जायचं आणि त्यावरची मेमरी १०६ वर. मेमरी ११० ला पोचली की कार्ड आपणहून वेग कमी करतं, म्हणजे हातात उरले चार अंश. पंखे असे किंचाळायचे की स्वयंपाकघरातून आई विचारायची, "मिक्सर कोण लावून राहिलं या वेळी?"

त्याच महिन्याच्या अखेरीला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग सेन्सर बिघडल्याचं जाहीर झालं. त्या आनंदात मी माझ्या कार्डाच्या सेन्सरवरही संशय घेऊन पाहिला. तो ठणठणीत होता.

तर वॉटर कूलिंग, म्हणजे कार्ड पाण्यानं थंड करायचं ठरलं. तयार, सीलबंद मिळतं तसलं नाही. नळ्या, पंप, रेडिएटर वेगवेगळे आणून स्वतः जोडायचं. कार्ड २०२१ च्या शेवटी, टंचाईच्या काळात, लाजिरवाण्या भावाला घेतलेलं. त्याची तीन वर्षांची वॉरंटी डिसेंबरात संपणार होती आणि त्याआधी स्क्रूवरचं स्टिकर फाडायचं नाही एवढी अक्कल होती. म्हणजे योजना आखायला सहा महिने. शंभर पानी वही आणली.

पहिल्या पानावरची यादी आज वाचली की हसू येतं. प्रोसेसरला ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), कार्डाला ब्लॉक, ३६० आणि २४० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, काचेसारख्या ॲक्रिलिकच्या ताठ नळ्या, त्यात दुधी निळं पाणी, सगळीकडे दिवे. बेरीज ८१ हजार. फोटोत फार देखणं दिसतं ते.

पहिली काट बाबांमुळे पडली. बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे शिल्पनिदेशक होते. आता निवृत्त आहेत, आणि हॉलमधला डेझर्ट कूलर हे त्यांचं खातं आहे. दर एप्रिलमध्ये तो गॅलरीत ओढून घासायचा, गवताच्या ताट्या बदलायच्या, मोटरला तेल द्यायचं. माझी आकृती त्यांनी चष्मा वर करून पाहिली.

"यात पाणी उडते कुठून?"

"उडत नाही बाबा. बंद आहे सगळं."

"मग थंड कसं होणार?"

प्रश्न बरोबर होता. नागपूरकराच्या डोक्यात पाण्यानं थंड करणं म्हणजे कूलर: कोरडी हवा ओल्या ताटीतून येते, पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं आणि खोलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होते. माझ्या नळ्यांत असलं काही होत नाही. पाणी फक्त हमाल. कार्डावरून उष्णता उचलायची, रेडिएटरपाशी नेऊन टाकायची. त्यामुळे ते खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. हे मी वाचलेलं होतं, पण त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यातली गोम माझ्या ध्यानात आली नव्हती. व्हिडिओतली सगळी माणसं २२-२३ अंशांच्या खोलीत बसलेली असतात. माझी खोली कूलर लावूनही ३५.

वहीत नवं पान काढलं. वर लिहिलं ३५. चांगल्या जुळणीत पाणी हवेपेक्षा साधारण १० ते १२ अंश वर राहतं, म्हणजे ४७. मी निवडलेल्या डी५ पंपाला पाणी ६० च्या खाली हवं, पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्याही त्याच सुमाराला मऊ पडू लागतात. मधे राहिले १३. लाइट जाऊन कूलर बंद पडला, खोली ४० वर गेली आणि पीसी इन्व्हर्टरवर चालूच राहिला, तर त्यातलेही पाच गेले. मग रेडिएटर केवढा, पंखे किती, नळी कशाची, हे सगळे प्रश्न त्या ३५ पासूनच सोडवावे लागले.

प्रोसेसरचा ब्लॉक पुढच्याच आठवड्यात गळाला. माझा रायझन ७ ५८००एक्स फार तर १४२ वॅट खातो, पण ती उष्णता मुख्यतः ८० चौरस मिलिमीटरच्या एका चिपमधून येते. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. उष्णतेची अडचण तिथं बाहेर पडतानाच होते. वर तांब्याचा टॉवर बसवा की पाण्याचा ब्लॉक, चारदोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. कार्डाचं तसं नाही. ३२० वॅट मोठ्या चिपवर पसरलेले, शिवाय तापलेली मेमरी त्याच ब्लॉकखाली येते. ३०८० च्या मेमरी चिपा सगळ्या पुढच्याच बाजूला आहेत. ३०९० या कार्डासारखं मागून वेगळं काही करावं लागत नाही. तेव्हा पाणी फक्त कार्डाला, प्रोसेसर हवेवरच राहणार. हा निर्णय ऐकून ऑफिसातला एक मित्र चक्क नाराज झाला. त्याला फोटो हवा होता.

आणि पाणी आणण्याआधी आग कमी केली. कार्डाचा व्होल्टेज ०.८५ वर बांधला, तर ३२० वॅटऐवजी २६० च्या आसपास लागू लागले आणि खेळताना फरक कळेना. हे काम फुकटातलं आहे. अर्धे लोक एवढ्यावरच थांबू शकतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी थांबलो नाही, कारण तोवर वहीची चाळीस पानं भरली होती.

रेडिएटर एकच, ३६० चा, ४५ मिलिमीटर जाड, पुढच्या बाजूला. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. ३६० म्हणजे तीन पंख्यांची लांबी. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात, त्या धरून तो ४० सेंटीमीटरपर्यंत जातो. मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ४० बाय १२ बाय ७ चा ठोकळा केला (४५ रेडिएटरचे आणि २५ पंख्याचे) आणि तो कॅबिनेटमध्ये घालून पाहिला. खाली पॉवर सप्लायच्या झाकणाला अडला. ते झाकण दोन स्क्रूवर निघत होतं, म्हणून निभावलं. नाहीतर आठ हजारांचा रेडिएटर हातात घेऊन बसलो असतो.

ब्लॉक निवडताना डोळ्यात तेल घालावं लागलं. ३०८० नावाची कार्डं कितीतरी कंपन्यांची, प्रत्येकीचा बोर्ड वेगळा, आणि ब्लॉक त्या बोर्डावरच्या प्रत्येक उंचवट्याला मापून बनवलेला असतो. एकाच नावाच्या कार्डाच्या दोन आवृत्त्या निघाल्याचंही तेव्हा कळलं. कार्ड न उघडता आतला बोर्ड कसा ओळखायचा? मागच्या बाजूनं, फटीतून टॉर्च मारून, छापलेला क्रमांक वाचला. मान अवघडली, पण आधी नक्की केलेला ब्लॉक चुकीचा होता हे समजलं.

जुलैत, पाऊस लागल्यावर, अंतिम आकृती बाबांपुढे ठेवली. पाण्याच्या वेगळ्या टाकीखाली पंप, पंपातून कार्ड, कार्डातून रेडिएटर, परत टाकी. क्रम कुठलाही ठेवला तरी चालतो, फक्त टाकीनं पंपाला पाणी द्यायला हवं, असं मी ऐटीत सांगितलं. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल तर २६० वॅट घेऊन ते सव्वा अंशानं तापतं. आधी कोण, नंतर कोण यानं काय बिघडतं? बाबांनी मान डोलावली. बोट आकृतीवर फिरवत फिरवत सगळ्यात खाली आणलं.

"ड्रेन कुठं आहे?"

ड्रेन नव्हता. तोवरचे सगळे आठवडे मी पाणी आत कसं घालायचं याचा विचार करण्यात घालवले होते.

"आपल्या कूलरला बूच काऊन आहे? उलटा करता येत नाही म्हणून. हे तू उलटं करशील का? पंचवीस हजारांचं कार्ड आत लटकून राहील."

कार्ड पंचवीसचं नव्हतं, पण खरी किंमत मी घरी कधीच सांगितली नव्हती आणि आताही सांगितली नाही.

त्या एका प्रश्नानं आकृती उलटीपालटी झाली. सगळ्यात खालचा बिंदू कोणता? रेडिएटरचं खालचं तोंड. म्हणजे रेडिएटर तोंडं खाली करून बसवायचा, तिथं तीन तोंडांचा टी लावायचा, टीच्या एका हाताला नळी, दुसऱ्याला बॉल व्हॉल्व्ह आणि त्यावर बूच. टी तीनही बाजूंनी आतल्या आट्यांचा, म्हणून रेडिएटर आणि टीच्या मधे दोन्हीकडे बाहेरचे आटे असलेला छोटा तुकडा हवा. आपले प्लंबर त्याला निपल म्हणतात. मग ताठ नळ्याही गेल्या. ताठ नळीचा लूप, म्हणजे पाण्याचा बंद फेरा, एकदा खोलायचा म्हणजे पुन्हा जुळवणं आलं, आणि वाकवायला हीट गन, आतली रबरी दोरी, वाया जाणारे तुकडे. मी काळी ईपीडीएम रबराची नळी घेतली, आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. जाड भिंतीची, वळवली तरी मोडत नाही. साध्या पारदर्शक नळीतून काही महिन्यांनी चिकट द्रव्य पाझरतं आणि ब्लॉकच्या केसासारख्या फटींत साचतं, तेही इथं नाही. दुधी निळ्या पाण्याला तर काट आधीच मारली होती. त्यातला रंग तळाला बसतो. बाबांनी नळीचा तुकडा हातात घेऊन दाबला. "ही तर गाडीच्या रेडिएटरची नळी," म्हणाले. तीच जात आहे. आकृतीकडे त्यानंतर ते जरा आदरानं पाहू लागले.

बेरीज आता ४६ हजार.

आट्यांवरून एक दिवस गेला. या सगळ्या फिटिंगचा आटा म्हणजे जी पाव. पाव इंच, दोन सूत. मी कॅलिपर लावला तर १३ मिलिमीटरच्या वर भरलं, म्हणजे अर्धा इंच! चुकीचा माल आला म्हणून तक्रार टंकायला बसलो होतो. बाबा म्हणाले, "पाइपाचा आटा बाहेरून मोजत नाहीत. पाव इंची म्हणजे ज्या पाइपाचं भोक पाव इंची, त्याच्या अंगावरचा आटा." शंभर वर्षांपूर्वीच्या पाइपाच्या भोकाचं माप माझ्या गेमिंग पीसीत येऊन बसलं होतं. बाजारात हवेच्या कॉम्प्रेसरच्या दुकानात पितळी पाव इंची व्हॉल्व्ह फार स्वस्त दिसले आणि मोह झाला. पण त्यातल्या बऱ्याचशांचा आटा निमुळता असतो. ॲक्रिलिकच्या टाकीत निमुळता आटा आवळत नेला की पाचर ठोकल्यासारखी टाकी फुटते. महागाचाच घेतला. धातूंचंही पथ्य तसंच: रेडिएटर तांब्याचा, ब्लॉक निकेल चढवलेल्या तांब्याचा, फिटिंग पितळेच्या. ॲल्युमिनियमचं काही यात मिसळलं की एकाच पाण्यात दोन धातू, म्हणजे बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं.

टेफ्लॉन टेपवरून मात्र आमची जुंपली. बाबांच्या मते टेपशिवाय जोडणी म्हणजे मिठाशिवाय वरण. इथं आटा पाणी अडवत नाही, तोंडाशी असलेली रबरी ओ-रिंग अडवते, म्हणून हातानंच आवळायचं, पान्यानं नाही, हे मी तीनदा सांगितलं. "बघू," एवढंच म्हणाले. त्या "बघू"चा हिशोब पुढे चुकता झाला.

पाण्याचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. कुणी म्हणे आरओचं घाल, कुणी म्हणे पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी घाल. आरओवाला फिल्टर बदलायला आला तेव्हा त्याचं पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर मागून घेतलं आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या. आमच्या बोअरचं ४८०, आरओचं ६२, बॅटरीच्या बाटलीतलं ९, आणि बर्डीच्या बाजारात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड, ०. बोअरचं पाणी काय करतं ते पाहायला लांब जायला नको होतं. मागच्या उन्हाळ्याची कूलरची ताटी गॅलरीत पडली होती, तिच्या काड्यांवर पांढरा खार इतका जाड बसला होता की नखानं खपली निघावी. बंद लूपमध्ये पाणी उडत नाही म्हणून एवढं साचणार नाही, पण ब्लॉकमधल्या फटी मिलिमीटरच्या अंशाएवढ्या. डिस्टिल्डचा पाच लिटरचा कॅन आणि गंजरोधक असलेलं बिनरंगी कॉन्सन्ट्रेट, १०० मिलीत ९०० मिली पाणी. शुद्ध पाणी वीज वाहत नाही म्हणून गळालं तरी चालतं, अशी एक समजूत आहे. बाटलीत असेपर्यंत खरी. धातूंवरून फिरायला लागल्यावर ते शुद्ध राहत नाही, आणि बोर्डावर पडलं की तिथली धूळ त्यात मिसळतेच.

दिवाळीनंतर माल आला, डिसेंबरात वॉरंटी संपली. रेडिएटर आधी धुतला: अर्धा भरायचा, दोन्ही तोंडांना बुचं, पाळण्यासारखा हलवायचा, पांढऱ्या टबात ओतायचा. पहिल्या तीन वेळा सोल्डरिंगचा काळा कचरा पडला, पाचव्यांदा टबाचा तळ स्वच्छ राहिला. कार्ड उघडताना हात कापत होते. थर्मल पॅड, म्हणजे चिप आणि ब्लॉकमधल्या उष्णतावाहक मऊ पट्ट्या, ब्लॉकच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जाडीचेच लावले. जाड पॅड घातले तर मेमरी टेकते आणि मधली चिप अधांतरी राहते.

पाणी घालण्याआधी हवेची परीक्षा. बीपीच्या यंत्रासारखा छोटा पंप असतो, त्यानं कोरड्या लूपमध्ये अर्धा बार हवा भरायची आणि काटा पाहत बसायचं. अर्ध्या तासात काटा ०.५ वरून ०.४ वर आला. मी प्रत्येक फिटिंगला कान लावून बसलो. काही ऐकू येईना. बाबा उठले, वाटीत भांड्याच्या साबणाचा फेस करून आणला आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं लावायला निघाले. गॅसचा रेग्युलेटर तपासतात तसं. कार्डाजवळ मी येऊ दिलं नाही. खाली, टीपाशी लावू दिलं. निपलच्या वरच्या बाजूला एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. दुसरा आला.

निपल काढला. एका टोकाला ओ-रिंगच नव्हती. ती रिकाम्या पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटून बसलेली सापडली.

"टेप लावला असता तर?" बाबा म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. रिंग बसवल्यावर काटा तासभर हलला नाही.

भरताना मदरबोर्डाला वीज द्यायची नाही, फक्त पंपाला. त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या तोंडात जम्परचं बूच घातलं आणि टाकीत पाणी ओतत पंप दोन-दोन सेकंद चालू-बंद केला. डी५ पंपाचं वंगणही पाणीच आहे. कोरडा फिरला की मेला. नळ्या काळ्या, त्यामुळे पाणी पुढे कुठवर गेलं ते दिसत नाही, नुसती टाकीतली पातळी उतरते आणि आत कुठंतरी गुळगुळ होतं. कॅबिनेट पुढे-मागे तिरकं करत हवा काढली. खाली टिशू पेपर पसरून रात्रभर पंप चालू ठेवला, आणि मी दोनदा उठून टॉर्च मारून आलो. बाबा तीनदा, असं आई म्हणते.

डिसेंबरातले आकडे सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा कुठलंही कूलिंग पास होतं. टाकीत पाण्याचा सेन्सर लावलाय आणि पंख्यांचा वेग त्याच्यावर बांधलाय, कार्डाच्या तापमानावर नाही. पाणी वीसेक मिनिटं घेऊन सावकाश स्थिरावतं, म्हणून पंखे उगाच दचकत नाहीत. मार्चअखेर खोली ३२ वर होती तेव्हा पाणी ४२, कार्ड ५६, मेमरी ७६. आईनं मिक्सरबद्दल विचारणं बंद केलंय.

मग एप्रिलचा पहिला रविवार आला, कूलर गॅलरीत ओढला गेला, आणि बाबांनी विचारलं, "तुझं आणू का बाहेर?" वर्ष झालं नव्हतं, इतक्यात पाणी बदलायची गरजही नव्हती. पण ड्रेन चालतो का ते पाहायचंच होतं. कॅबिनेट स्टुलावर ठेवलं, व्हॉल्व्हला नळी लावून तिचं टोक मगात सोडलं आणि चावी फिरवली. चार थेंब आले आणि थांबले.

"वरचं झाकण उघड. हवा कुठून जाईल आत?"

टाकीचं बूच सैल केलं आणि धार लागली. पाऊण लिटर निघालं. मी तो मग उजेडाकडे धरून पाहिला. तळाशी दोन काळे कण, बाकी स्वच्छ. शेजारी कूलरच्या टाकीतला गाळ बाबा तुळशीला आणि मोगऱ्याला ओतत होते, दरवर्षीसारखा. तो संपल्यावर त्यांनी सहज हात पुढे करून माझा मग घेतला आणि कुंडीकडे वळले.

"बाबा, नको! औषध आहे त्यात."

ते मग हातात धरून तसेच उभे राहिले. "मग हे टाकायचं कुठं?"

मी वही आणली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मग त्यांच्याच हातातून मग घेऊन डिस्टिल्डच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतला, त्यावर स्केचपेननं "पिऊ नये" लिहिलं आणि कॅन माळ्यावर ठेवला. अजून तिथंच आहे.